फुलवंतीची तोंडी परीक्षा

माझ्या बोलण्याला आयुष्यात पहिल्यांदा गुण मिळाले ते वीसपैकी सात. त्याआधी सतरा-अठरा वर्षं मी बोलतच होते आणि बोलण्याचे कुणी गुण देतं हे मला माहीत नव्हतं. आमच्या घरी बोलण्याला एकच अट होती, ते ऐकू गेलं पाहिजे. बार्शीटाकळीच्या बाहेर नाल्याकाठी आमचं ओलिताचं वावर, वावराच्या कडेला घर आणि घरापासून हाकेच्या अंतरावर विहिरीवरचं इंजिन. ते एकदा धडधडायला लागलं की भाकर मागायची तरी ओरडून मागावी लागे. बाबा वाफ्यात पाणी सोडायला बारं फोडता फोडता तिकडून ओरडत, माय वांग्यांच्या ओळीतून उत्तर देई, आणि पाहुणा आला की त्याला वाटे या घरात भांडण सुरू आहे. भांडण नसायचं. "च्या ठेवू का?" येवढंच विचारलेलं असायचं.

सकाळच्या पहिल्या एस्टीनं माय अकोल्याच्या बाजाराला जाई. वांगी, मेथी, सांबार, दिवस असतील तेव्हा शेवंती आणि झेंडू. आम्ही कोथिंबिरीला सांबार म्हणतो, हेही पुढे कुणाला तरी समजावून सांगावं लागेल याची मला तेव्हा कल्पना नव्हती. सुटीच्या दिवशी मी तिच्यासोबत जायची. पोत्यावर बसल्या बसल्या माय सगळ्या जगाशी बोले. "भाभी, बैंगन कोवये है, बिया नही है, मैं खुद तोड के लायी." एक सिंधी म्हातारी यायची. ती आपल्या बोलीत, माय आपल्या बोलीत, दोघी मेथीच्या जुडीवरून हातवारे करकरून वाद घालत, आणि शेवटी म्हातारी हसत हसत जुडी पिशवीत टाकून जाई. मारवाड्याच्या सुनेला माय "बेटाजी" म्हणे. हा शब्द तिनं कुठून आणला कोण जाणे, पण ती सून दुसऱ्या कुणाकडे जात नसे. मायचं एकही हिंदी वाक्य धड नव्हतं. आणि माय बाजारात कधी अडली नाही.

रविवारी भरीत असे. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजायची, साल काढून परातीत घालायची, वर कच्चा कांदा, कांद्याची पात, हिरव्या मिरच्या आणि शेंगदाणे. एरवी आंबाडीची भाजी आणि ज्वारीच्या कण्या, वरून लसणाची फोडणी दिलेलं तेल. ते तेल कण्यांवर पडताना जो चर्र आवाज होतो तो मला अजूनही ऐकू येतो, आणि आता डॉक्टरांनी तेल बंद केल्यामुळे तर जास्तच ऐकू येतो. अशा घरातून मी मास्तरीण व्हायला अमरावतीला गेले. बाबा मला होस्टेलला सोडायला आले होते. फाटकाशी उभं राहून ते म्हणाले, "सांभायून राहजो. अन् जोरात बोलत जाय, इथी इंजिन नाई तरी."

अमरावतीच्या त्या अध्यापक विद्यालयात धर्माधिकारी बाई आम्हाला मराठी शिकवत. वडील वकील, घरात भिंतभर पुस्तकं, कडक इस्त्रीची सुती पातळं, मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवलेलं घड्याळ. बाई आळशी नव्हत्या, दुष्ट नव्हत्या. वेळेच्या आधी यायच्या, वेळेनंतर थांबायच्या, आमच्या प्रत्येक वहीतला प्रत्येक अनुस्वार तपासायच्या. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण वाईट माणसावर रागावणं सोपं असतं. तो राग दोन वर्षांत निघून जातो. बाईंवरचा राग गेला नाही.

माझा पहिला पाठ तिसरीच्या वर्गावर होता, विषय भाज्या. मी घरून वांगं आणलं होतं, देठाला काटे असलेलं. पोरांच्या हातात दिलं. "पाहा बरं, त्याले उलटं धरा. आता आपण काय पाहून राहिलो? काटे कुठी हायेत? मी सांगतो तवाच बोट लावा." आमच्याकडे बायासुद्धा "मी सांगतो, मी येतो" असंच म्हणतात. पोरं बाकांवर चढून वांगं पाहत होती. एकाला काटा लागला तर सगळा वर्ग हसला. मला वाटलं, आपला पाठ जिंकला. तास संपल्यावर बाईंनी सगळ्या मुलींसमोर टिपणवही उघडली. "पाठाची तयारी चांगली. भाषा, वीसपैकी सात." मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, "वत्सला, तू शिकवत होतीस की भाजी विकत होतीस?"

मुली हसल्या. मीही हसले. बाई असं बोलल्या याचा राग आहेच, पण मी हसले याचा राग त्याहून मोठा आहे.

त्यानंतर मी बोलणं शिकायला लागले, म्हणजे बोलणं सोडायला लागले. होस्टेलच्या टाक्याजवळ कपडे धुताना मी घोकत असे, मला, तुला, त्याला, आम्हाला. मी सांगते. मी येते. ळ तर माझ्या जिभेला ठाऊकच नव्हता. आमच्या घरी डोळ्याला डोया आणि काळ्याला काया. बाई मला दुपारी आपल्या खोलीत बोलावत, खुर्चीत बसवून म्हणत, "कमळ म्हण." मी म्हणे, "कमय." "जीभ मागे ने. कमळ." पंधरा-वीस दिवसांनी ळ आला तेव्हा बाईंच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. त्यांनी डब्यातला शिरा मला खायला दिला. तो शिरा फार चांगला होता.

दिवाळीत घरी गेले. माय ताट वाढत होती. मी म्हटलं, "मला भूक नाही."

"कोनाले?" माय म्हणाली.

"मला."

मायनं हातातली पळी खाली ठेवली. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरं. तुमाले भूक नसन तं राहू द्या." मला, आपल्या पोटच्या पोरीला, ती तुमाले म्हणाली. थट्टा करत असेल असं वाटून मी वर पाहिलं. ती थट्टा करत नव्हती. पाहुण्यांसमोर बोलताना जशी जपून बोलायची तशी बोलत होती. त्या चार दिवसांत ती माझ्याशी ओरडून एकदाही बोलली नाही. आणि माझी अक्कल अशी की मला वाटलं, चला, आपण सुधारलो.

दुसऱ्या वर्षी माझे गुण अठरावर गेले. बाई नव्या मुलींना माझं उदाहरण देऊ लागल्या. म्हणून सरावासाठी खेड्यातल्या शाळेवर महिनाभर राहायची वेळ आली तेव्हा बाईंनी आपलं लाडकं काम माझ्याकडे सोपवलं. ते काम होतं नव्यानं मराठी शिकणाऱ्या मुलांची तोंडी परीक्षा. गाव तेल्हाऱ्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. कापूस वेचणीला डोंगरातली कोरकू कुटुंबं तिथं उतरत, त्यातली काही सालभर शेतावरच राहत. त्यांची सात मुलं त्या वर्षी पहिल्यांदा पहिलीत बसली होती. घरी कोरकू, बापासोबत थोडं हिंदी, आणि मराठी फक्त गावातून कानावर पडलेली.

बाईंनी तक्ता स्वतः आखला होता. दहा चित्रं, प्रत्येक चित्राला दोन गुण. स्पष्ट उच्चार, पूर्ण वाक्य, न अडखळता उत्तर. शेवटी शेऱ्याचा रकाना. बाईंचं म्हणणं चुकीचं नव्हतं. त्या म्हणत, "लेखी परीक्षा सगळेच घेतात. मूल बोलतं का हे कुणी पाहत नाही." पण ते पाहायचं कसं, तर आगगाडी दाखवून. त्या गावाला तेव्हा आगगाडी नव्हती, आजही नाही. मग टेलिफोन, छत्री धरलेली मडम, फुलदाणीतलं कमळ, बंगला, कोंबडी, असं काय काय.

शाळेच्या पडवीत टेबल मांडलं. टेबलामागे मी, माझ्या शेजारी खुर्ची टाकून मोठे गुरुजी, म्हणजे हेडमास्तर. समोर एकेका मुलाला उभं करायचं. मी माझी बाईंकडून मिळवलेली मराठी लावून विचारत होते, "हे काय आहे? पूर्ण वाक्यात सांग." पोरं आधी गुरुजींच्या छडीकडे पाहत, मग माझ्या पातळाकडे, मग खाली. कुणाला चार गुण, कुणाला दोन. पाचवी आली ती फुलवंती. सहा-सात वर्षांची, केसांना इतकं तेल की कपाळावर ओघळ आलेला. आईनं परीक्षेसाठी म्हणून लावून दिलं असणार. आगगाडी, गप्प. टेलिफोन, गप्प. छत्री, गप्प. कोंबडीच्या चित्राशी तिचे ओठ हलले. "सिम," ती म्हणाली, अगदी हळू.

"काय?"

ती परत काही बोलली नाही. मी शून्य लिहिलं. दहाही चित्रांपुढे शून्य, आणि शेऱ्याच्या रकान्यात माझ्या वळणदार अक्षरात, "बोलता येत नाही." खाली सही. पुढचा मुलगा.

आता माझ्या भाचीची मुलगी मोबाइलवर इंग्रजी शिकते. ती वाक्य बोलते, मोबाइल तिला टक्के देतो. परवा ती "माय नेम इज" म्हणून म्हणून रडकुंडीला आली, मोबाइल म्हणत होता पुन्हा प्रयत्न करा. मी तिच्या हातून तो घेतला आणि गादीवर आपटला. भाची म्हणाली, मावशी, ते यंत्र आहे, त्याला काय कळतं? मी तिला सांगितलं नाही की मीही एकदा तशीच टेबलामागे बसले होते, आणि मला तर दोन कान होते.

चार दिवसांनी फुलवंती वर्गात दिसली नाही. पाचव्या दिवशीही नाही. मी मोठ्या गुरुजींना विचारलं. त्यांनी हजेरीपट फिरवून दाखवला, तिच्या नावावर लाल रेघ होती. "नाव कमी केलं. मुकी पोट्टी इथी ठिवून काय करता? अकोल्याच्या मुक्याबहिऱ्याईच्या शायेले पत्र टाकलं. तिच्या बापाले समजावलं, तिथी जेवन भेटते, ऱ्हायनं भेटते. तो राजी हाये."

"मुकी कोण म्हणालं?"

"तुमीच तं," ते म्हणाले, आणि फडताळातून माझा तक्ता काढून माझ्या पुढ्यात ठेवला. बोलता येत नाही. माझी सही.

मी काय केलं? काहीही केलं नाही. माणूस स्वतःविषयी लिहायला बसला की आपण पेटून उठलो असं लिहावंसं वाटतं. मला हायसं वाटलं. मुलगी मुकी असेल तर शून्य बरोबर होतं. मी खोलीवर गेले, भात टाकला आणि जेवले.

दोन दिवसांनी मी दळण घेऊन गिरणीवर गेले. गिरणीचा पट्टा फिरत होता, सगळीकडे पीठ उडत होतं, चार-पाच बाया डबे घेऊन उभ्या होत्या. त्या सगळ्यांच्या मधून, गिरणीच्या आवाजाच्या वरून, एक बारीक धारदार आवाज येत होता. "माहा नंबर हाय! ते डबा मंग आला! मी आंदी आली, तू कावून तिचा पयले दयते?" गिरणीवाला हसत होता. "थांब नं वं, देतो." "नाई! मी थांबली हाय. माहा डबा टाक. बारीक नको करू, माय मारन."

ती फुलवंती होती. डोक्यावर डबा, डोळ्यांच्या पापण्यांवर पीठ. मला पाहिल्याबरोबर तिचं तोंड मिटलं. कुणीतरी दार लावून घ्यावं तसं.

मी तिथंच उभी राहिले. माझ्या अंगाची अशी आग झाली की आधी मला ती कुणावर आहे हे कळेना. ही पोरगी सहा-सात वर्षांची. घरची भाषा वेगळी. गावात येऊन तिला वर्षसुद्धा झालं नसेल. आणि येवढ्यात ती एका मोठ्या माणसाशी, चालत्या गिरणीवर, आपल्या हक्कासाठी भांडत होती, आणि जिंकली होती, कारण त्यानं तिचा डबा टाकला. हे करायचं मला अमरावतीत धाडस झालं नव्हतं. आणि तिला मी शून्य दिलं होतं.

मी तिच्या मागोमाग त्यांच्या खोपटापर्यंत गेले. शेताच्या बांधावर कुडाची झोपडी, समोर सारवलेलं अंगण. तिची आई कापसाची बोंडं निवडत होती. मला पाहून ती उठून उभी राहिली. तिचं हिंदी माझ्या मायच्या हिंदीसारखंच होतं. "इसकू गूंगी बोले सकूल में. घर में तो दिमाग खाती. बाप बोलता, भेजेंगे, उधर खाना मिलता. मैं क्या बोलूं?" तेवढ्यात एक कोंबडी दारातून अंगणात आली आणि निवडलेल्या कापसात शिरली. फुलवंती तिच्यावर धावली, "सिम! सिम!" म्हणत.

म्हणजे त्या दिवशी तिनं बरोबर उत्तर दिलं होतं. तिला येत असलेल्या एकुलत्या एका चित्राला तिनं नाव दिलं होतं. मला ते कळलं नाही, आणि गुण तिचे गेले.

मी मोठ्या गुरुजींकडे गेले. त्यांनी हात वर केले. "पत्र गेलं. कागदावर तुमची सही. आता धर्माधिकारी बाई शनिवारी तपासनीले येतीन, त्याईले सांगा." शनिवारपर्यंत मी रोज फुलवंतीच्या अंगणात जाऊन बसले. पहिले दोन दिवस ती बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी पातळाचा पदर खोचून तिच्या आईसोबत बोंडं निवडायला लागले आणि मायच्या बोलीत बोलायला लागले, तेव्हा ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "तुमाले येत नाई. कचरा ऱ्हायला."

शनिवारी बाई आल्या. एस्टीतून उतरून दोन मैल चालत आल्या होत्या, पातळाला धूळ, पण चेहरा तसाच शांत. मी सगळं सांगितलं. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. "मग फेरपरीक्षा घेऊ," त्या म्हणाल्या, "मी स्वतः घेते." मला वाटलं, सुटलो. त्याच पडवीत, त्याच टेबलामागे बाई बसल्या, शेजारी मोठे गुरुजी. फुलवंतीला मी हाताला धरून आणलं. तिची आई पडवीच्या खाली उन्हात उभी राहिली, वर ये म्हटलं तरी आली नाही.

"मुली, घाबरू नकोस," बाई म्हणाल्या. आवाज मायेचा होता. "हे चित्र पाहा. हे काय आहे? पूर्ण वाक्यात सांग." आगगाडी. गप्प. टेलिफोन. गप्प. बाईंनी पहिली चार चित्रं संयमानं दाखवली, प्रत्येकाला घड्याळात पाहून वेळ दिला. मग माझ्याकडे वळून हळू म्हणाल्या, "हे सांगताना मला आनंद होत नाही, वत्सला. पण पाहिलंस ना?"

मी फुलवंतीसमोर खाली उकिडवी बसले. "फुलवंते, ह्या बाई अमरावतीहून आल्या. पायी आल्या. सकायपासून उपाशी हायेत. काय करू वं?"

तिनं बाईंकडे पाहिलं. पायांपासून डोक्यापर्यंत. "भाकर नाई आनली त्याईनं?"

"नाई."

"मंग माह्या घरी चाला. माय भाकर करते. मिरची हाय." ती थांबली, काहीतरी अडचण तिच्या ध्यानात आली असावी. "पन खुर्ची नाई आमच्या घरी. खाली बसता येते का त्याईले?"

खाली उभ्या असलेल्या तिच्या आईनं पदर तोंडाला लावला. बाईंच्या हातातली पेन्सिल तक्त्यावर तशीच टेकलेली होती. मग त्या म्हणाल्या, "हे ठीक आहे. पण वाक्यं तुटक आहेत. 'त्याईले' असा शब्द मराठीत नाही. आणि चित्रांविषयी ती एक अक्षर बोललेली नाही. हे मी तक्त्यात कुठं बसवू?"

"बाई, तुमाले समजलं का नाई?"

ते वाक्य माझ्या तोंडून इतक्या जोरात निघालं की वर्गातली पोरं खिडकीशी आली. दीड वर्ष घोकलेलं सगळं गळून पडलं. मी बाबांच्या आवाजात, इंजिनाच्या वरून बोलायच्या आवाजात बोलत होते.

"वत्सला, नीट बोल."

"नीटच बोलून राहिली मी. त्या पोरीनं इचारलं, तुमाले खाली बसता येते का. तुमच्या पोटाची कायजी केली तिनं. तुमी कोन, कुठच्या, तिले माहीत नाई. समजलं का नाई समजलं, येवढंच सांगा. तक्ता मंग पाहू."

"बाई," मोठे गुरुजी उठून उभे राहिले, "पोरगी लहान हाये, तिचं मनावर..." ते मलाच पोरगी म्हणत होते. बाईंनी हात करून त्यांना थांबवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता त्या उठून जातील.

"समजलं," बाई म्हणाल्या.

"मंग तसं लिहा."

बाईंनी माझ्या तक्त्यावरचा शेरा एका रेघेनं खोडला, वर "मुलगी बोलते" असं लिहिलं आणि तारीख घालून सही केली. गुण मात्र शून्यच ठेवले. त्यांनी आपल्या तक्त्याशी बेइमानी केली नाही. त्याच दुपारी मोठ्या गुरुजींनी हजेरीपटात फुलवंतीचं नाव परत घातलं आणि अकोल्याला दुसरं पत्र टाकलं. पुढच्या वर्षी तिला पुन्हा पहिलीतच बसवलं, हे मला नंतर कळलं. चौथीपर्यंत ती त्या शाळेत होती, मग आईसोबत डोंगरात गेली, येवढंच तिथल्या एका शिक्षकाकडून ऐकलं. ती पुढे कुणी मोठी झाली अशी गोष्ट माझ्याजवळ नाही.

परतीच्या एस्टीत बाई माझ्या शेजारी बसल्या. तेल्हारा मागे पडल्यावर खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "तू माझ्यावर ओरडलीस, ते मी विसरेन. पण मी तुला दिलेली भाषा तू चारचौघांत फेकून दिलीस."

मी म्हटलं, "तुमी दिलेली भाषा लावूनच मी तिले शून्य दिलं होतं, बाई."

शेवटच्या पाठाला बाईंनी मला काठावर पास केलं. नोकरीच्या यादीत माझं नाव इतकं खाली गेलं की दोन वर्षं मी घरीच वांगी तोडली. मायनं एकदा विचारलं, "त्या बाईसंगं भांडली म्हंते, काहून?" मी तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "लवकर भांडाचं होतं." नंतर मला नोकरी लागली, तीसेक वर्षं मी पहिली-दुसरीला शिकवलं, तोंडी परीक्षा घेतल्या, तक्ते भरले. शेऱ्याच्या रकान्यात "बोलता येत नाही" हे मी पुन्हा कधी लिहिलं नाही. लोक मला सांगतात, बाई, तुमच्या हातून किती पोरं बोलती झाली. मी ऐकून घेते.

पण त्या दिवशी पडवीत सात मुलं होती. गिरणीवर मला फुलवंती भेटली म्हणून मी तिच्यासाठी भांडले. बाकीच्या सहाजणांचे तक्ते त्याच फडताळात होते. कुणाला चार, कुणाला दोन, सगळीकडे माझी सही. शनिवारी बाई समोर होत्या, त्यांच्या हातात पेन्सिल होती, आणि माझा आवाज कधी नव्हे तो चढलेला होता. तरी त्या सहाजणांची गोष्ट माझ्या मनातसुद्धा आली नाही. मला वाटत होतं मी अन्यायाविरुद्ध भांडते आहे. मी माझ्या एका चुकीविरुद्ध भांडत होते, जी माझ्या डोळ्यांसमोर आली होती तेवढीच.

ती सहाही मुलं त्या वर्षी नापास झाली. त्यांच्यातला एक, परीक्षा झाल्यावर, टेबलापासून वळून दोन पावलं गेला होता आणि परत येऊन माझ्याशी काहीतरी बोलला होता. चांगली दोन-तीन वाक्यं. मी "जा, पुढच्याला पाठव" म्हटलं. तो काय म्हणत होता ते मला माहीत नाही. मी ऐकलंच नाही.